लक्षाचे अर्थकारण आणि वृत्तमाध्यमे : भोपाळच्या वृत्तेतिहासाच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

मराठीत 'लक्ष' या शब्दाचे तीन अर्थ आहेत. लक्ष म्हणजे अवधान, लक्ष म्हणजे नेम धरावयाची वस्तू आणि लक्ष म्हणजे शंभर हजारांची संख्या. उर्दूत याच अवधानाला 'तवज्जोह' म्हणतात. हा शब्द 'वज्ह' म्हणजे चेहरा या अरबी शब्दाशी संबंधित असून एखाद्याकडे तोंड वळविणे हा त्याचा मूळ भाव आहे. आजच्या वृत्तमाध्यमांचा व्यवहार समजून घ्यावयाचा असेल तर या दोन्ही शब्दांची मदत होते. वाचकाने वृत्ताकडे तोंड वळवावे हा पत्रकारितेचा मूळ हेतू होता. पुढे वाचकाचे अवधान हीच नेम धरावयाची वस्तू बनली आणि ते किती लक्ष लोकांचे मिळाले यावर वृत्ताची किंमत ठरू लागली.

या व्यवहाराला अलीकडे 'लक्षाचे अर्थकारण' म्हटले जाते. या विषयावर बोलताना आपण बहुधा मोबाईल, समाजमाध्यमे व वृत्तवाहिन्या यांच्यापासून सुरुवात करतो. त्यामुळे हा दोष केवळ नव्या यंत्रांचा आहे असा समज होतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहावयाचा आहे. त्यासाठी भोपाळ शहराचा १९८२ ते २०२५ या काळातील वृत्तेतिहास आधार म्हणून घेतला आहे. लक्षाच्या बाजारात घटनेला किंमत मिळते, घटनेपूर्वीच्या व घटनेनंतरच्या प्रक्रियेला मिळत नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. भोपाळने या उणिवेची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली. म्हणून हा विषय केवळ माध्यमशास्त्राच्या वर्गापुरता मर्यादित राहत नाही.

पूर्वपीठिका : वाचक ते ग्राहक

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झाले. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारे हे पत्र १८४० मध्ये बंद पडले. लोकांना ज्ञान मिळावे आणि राज्यकर्त्यांपर्यंत लोकांचे म्हणणे पोहोचावे हा त्याचा उद्देश होता. वर्गणीदार थोडे होते व जाहिरातींवर जगण्याची सोय नव्हती.

'दर्पण' सुरू झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, ३ सप्टेंबर १८३३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने 'द सन' हे दैनिक काढले. इतर पत्रांची किंमत सहा सेंट असताना त्याने ते एका सेंटला विकले. अंकाच्या किमतीतून जो तोटा होईल तो जाहिरातींतून भरून काढावयाचा आणि जाहिरातदाराला वाचकांची संख्या दाखवावयाची, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे वाचकाला वृत्त विकण्याबरोबरच जाहिरातदाराला वाचक विकण्याचा धंदा येथे उभा राहिला. त्याचा परिणामही लवकरच दिसला. ऑगस्ट १८३५ मध्ये याच पत्राने चंद्रावर सजीव सृष्टी सापडल्याची काल्पनिक लेखमाला खऱ्या वृत्ताप्रमाणे छापली आणि त्यावर आपला खप वाढविला. आज ज्याला 'फेक न्यूज' म्हणतात तिचा हा जुना नमुना होय.

आपल्याकडील पत्रकारितेची परंपरा वेगळ्या दडपणाखाली वाढली. 'देहली उर्दू अखबार'चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ मध्ये प्राण गमवावे लागले. लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लिखाणासाठी १८९७ व १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली. मौलाना आझाद यांचे १९१२ मध्ये सुरू झालेले 'अल हिलाल' जामीनकीच्या कायद्यामुळे १९१४ मध्ये बंद पडले. पेंड्रा येथून १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे व पुढे टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद करणारे मराठीभाषक माधवराव सप्रे यांची अडचण मात्र आर्थिक होती. त्यांचे मासिक तीन वर्षांत पैशाअभावी थांबले.

या उदाहरणांतून पत्र बंद पडण्याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे सत्तेचा रोष आणि दुसरे म्हणजे समाजाची उदासीनता. पहिल्या कारणाचा इतिहास आपण अभिमानाने शिकवितो. दुसऱ्याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. लक्षाच्या अर्थकारणात हे दुसरे कारणच अधिक परिणामकारक ठरते, कारण बंदी न घालताही एखादे वृत्त नाहीसे करता येते. त्याच्याकडे कोणी तोंड वळविले नाही म्हणजे झाले.

या व्यवहाराला तात्त्विक मांडणी दिली ती अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी. १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या सायमन यांनी १९७१ मध्येच असे दाखवून दिले होते की माहिती वाढते तेव्हा तिच्याकडे द्यावयाचे अवधान अपुरे पडू लागते, आणि जी वस्तू अपुरी तिच्या वाटपाचा प्रश्न उभा राहतो. त्याच शतकाच्या अखेरीस मायकेल गोल्डहेबर यांनी १९९७ मध्ये इंटरनेटच्या संदर्भात 'लक्षाचे अर्थकारण' ही संज्ञा प्रचारात आणली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सायमन यांनी मांडलेला प्रश्न वाटपाचा आहे. अवधान कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाकारावयाचे, हा न्यायाचा प्रश्न त्यातच अंतर्भूत आहे.

१९८२ : दुर्लक्षित इशारा

भोपाळमधील युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला आणि १९८० पासून तेथे मिथाइल आयसोसायनेट हा अतिविषारी पदार्थ तयार होऊ लागला. डिसेंबर १९८१ मध्ये फॉसजीन वायूच्या गळतीमुळे अशरफ नावाचा कामगार मरण पावला. जानेवारी १९८२ मध्ये पुन्हा गळती होऊन वीसहून अधिक कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी तपासणी करून सुरक्षाव्यवस्थेतील अनेक गंभीर उणिवा नोंदविल्या.

राजकुमार केसवानी हे तरुण पत्रकार त्या वेळी भोपाळमधून 'रपट' नावाचे छोटे हिंदी साप्ताहिक चालवीत होते. अशरफच्या मृत्यूनंतर त्यांनी या कारखान्याचा अभ्यास सुरू केला. ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी नव्हते. कामगारांशी बोलून, कागदपत्रे मिळवून, पुस्तके चाळून त्यांनी विषय समजून घेतला. सप्टेंबर व ऑक्टोबर १९८२ मध्ये 'रपट'मधून त्यांनी लागोपाठ इशारे दिले. हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसले आहे, या आशयाचे शीर्षक त्यांतील एका लेखाला होते. ही लेखमाला चालू असतानाच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात आणखी एक गळती झाली आणि शेजारच्या वस्तीतील लोकांनाही तिचा त्रास झाला.

केसवानींनी मुख्यमंत्र्यांनाही पत्र लिहिले. डिसेंबर १९८२ मध्ये विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा कामगारमंत्र्यांनी भोपाळला कोणताही धोका नसल्याची ग्वाही दिली आणि कारखान्यातील कोट्यवधींच्या गुंतवणुकीकडे बोट दाखविले. विषय तेथेच मिटला.

येथे एक आक्षेप घेता येईल. 'रपट' हे लहान पत्र होते, मोठ्या पत्रात हे छापून आले असते तर परिणाम झाला असता, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर पुढील घटनेत आहे. जून १९८४ मध्ये केसवानींनी हाच इशारा 'जनसत्ता' या हिंदी दैनिकातून पुन्हा दिला. 'जनसत्ता' हे एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाचे दिल्लीहून निघणारे पत्र होते. तरीही शासन, कंपनी आणि इतर वृत्तपत्रे यांपैकी कोणीही तो विषय हाती घेतला नाही. यावरून असे दिसते की वृत्त छापले जाणे आणि त्याच्याकडे लक्ष टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका दिवसाचे छापील पान पुरेसे नसते. दुसऱ्याने, तिसऱ्याने त्याचा पाठपुरावा केला तरच वृत्ताला बळ येते. जे अजून घडलेलेच नाही त्याचा पाठपुरावा करण्यात वृत्तपत्राला खर्च असतो, लाभ दिसत नसतो.

डिसेंबर १९८४ : जगाचे लक्ष

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड या गरीब वस्त्यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला. हिंदू आणि मुसलमान, हमाल आणि विडी कामगार, सर्वच त्यात सापडले.

त्यानंतर काही दिवसांतच देशोदेशीचे पत्रकार भोपाळमध्ये आले. दोन वर्षांपूर्वी ज्या मजकुराला वाचक मिळत नव्हता तो मजकूर आता जगाला हवा होता. केसवानींना १९८५ मध्ये पत्रकारितेचा बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला. हा गौरव योग्यच होता. परंतु इशारा खरा ठरल्यावरच इशारा देणाऱ्याकडे लक्ष गेले, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

या काळाची आठवण म्हणून एक छायाचित्र जगभर ओळखले जाते. मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा त्यात दिसतो. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही हे दृश्य टिपले. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ चे सर्वोत्तम वृत्तछायाचित्र म्हणून 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सन्मान मिळाला. या छायाचित्रांनी भोपाळचे दुःख जगाच्या घरात पोहोचविले, हे निःसंशय मोठे काम आहे. त्या बालकाचे नाव मात्र कळू शकले नाही. चेहरा कोट्यवधींनी पाहिला आणि नाव नोंदले गेले नाही, यात लक्षाच्या अर्थकारणाची मर्यादा स्पष्ट दिसते. पाहणे एका क्षणात होते. नोंद ठेवण्यास वर्षे लागतात.

मृतांच्या संख्येचेही असेच झाले. वृत्ताला ताबडतोब आकडा हवा असतो. शासनाचा प्रारंभीचा आकडा २,२५९ होता, पुढे तो ३,७८७ झाला आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेत ५,२९५ मृत्यूंचा उल्लेख आला. स्वतंत्र संस्थांचे अंदाज याहून कितीतरी अधिक आहेत. जखमींची संख्या २००६ मधील शासकीय प्रतिज्ञापत्रानुसार ५,५८,१२५ होती. प्रत्येक सुधारित आकड्यामागे दावे, पुरावे व सुनावण्यांची दीर्घ प्रक्रिया होती. वाचकांच्या मनात मात्र बहुधा पहिल्या दिवसांतील आकडाच राहतो.

वर्धापनदिनाची पत्रकारिता

१९८५ नंतर भोपाळचे वृत्त दिनदर्शिकेशी जोडले गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्रकार येत, मोर्चे व मेणबत्त्यांची छायाचित्रे निघत आणि चार दिवसांनी ते परत जात. उरलेल्या वर्षभरात जे घडत होते ते पाहण्यास बाहेरचा पत्रकार क्वचितच थांबे. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे बहुसंख्य जखमींच्या वाट्याला मूळ भरपाई म्हणून प्रत्येकी २५,००० रुपये आले. १९९४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वायुबाधितांवरील आपले संशोधन थांबविले. १९९९ मध्ये ग्रीनपीस या संस्थेने कारखान्याच्या परिसरातील जमीन व पाणी दूषित असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. म्हणजे १९८४ च्या रात्री ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलांपर्यंत हा प्रश्न पोहोचला होता. परंतु पाण्यात हळूहळू मिसळणाऱ्या विषाला तारीख नसते आणि तारीख नसल्याने वर्धापनदिनही नसतो.

पीडितांनी ही परिस्थिती ओळखली होती. त्यांनी दोन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग लक्ष खेचून घेण्याचा होता. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन कामगार स्त्रियांनी संघटना उभारली, दिल्लीपर्यंत पदयात्रा काढल्या आणि २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. दुसरा मार्ग लक्षाची वाट न पाहण्याचा होता. अब्दुल जब्बार यांनी वायुपीडित स्त्रियांची संघटना बांधून यादगारे शाहजहानी पार्कमध्ये दर शनिवारी सभा भरविण्याचा प्रघात पाडला. छायाचित्रकार असो वा नसो, ही सभा वर्षानुवर्षे भरत राहिली. जब्बार यांचे १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निधन झाले आणि २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. येथेही सन्मान उशिराच आला.

३ डिसेंबर २००४ रोजी, दुर्घटनेच्या विसाव्या वर्धापनदिनी, एक विलक्षण प्रकार घडला. युनियन कार्बाइड ताब्यात घेतलेल्या डाऊ कंपनीचा प्रतिनिधी म्हणून एक गृहस्थ बीबीसीच्या जागतिक वाहिनीवर आला आणि कंपनी सर्व जबाबदारी स्वीकारत असल्याचे त्याने जाहीर केले. तो 'येस मेन' या अमेरिकन गटाचा कार्यकर्ता होता व घोषणा बनावट होती. ती उघडकीस येईपर्यंत शेअरबाजारात कंपनीचे मूल्य सुमारे दोन अब्ज डॉलरने घसरले होते. हेतू सहानुभूतीचा असला तरी भोपाळमधील लोकांना काही काळ खोटी आशा दाखविली गेली, ही त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. खरे दुःख मांडण्यासाठीही खोट्या घटनेचा आधार घ्यावासा वाटावा, इतका प्रक्रियेचा भाव बाजारात उतरला होता.

७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. चोवीस तास वृत्तवाहिन्यांच्या काळातील भोपाळचे हे पहिले मोठे वृत्त होते. अनेक दिवस चर्चा रंगल्या. त्यांतील मोठा भाग ७ डिसेंबर १९८४ रोजी वॉरेन अँडरसन यांना अटक करून त्याच दिवशी कोणी सोडले या प्रश्नावर खर्च झाला. प्रश्न गैरलागू नव्हता. परंतु त्यात आरोप, प्रत्यारोप व प्रसिद्ध नावे होती, म्हणून तो पडद्यावर टिकला. दूषित पाणी, औषधोपचार आणि विधवांचे निवृत्तिवेतन हे प्रश्न त्या मानाने मागे राहिले. वाढीव भरपाईसाठी याच वर्षी दाखल झालेली क्युरेटिव्ह याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली.

२००६ : एका वर्षाचा छेद

लक्षाचे वाटप कसे होते हे पाहण्यासाठी एका वर्षातील काही वृत्ते शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. २००६ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत भोपाळचे वायुपीडित सुमारे ८०० किलोमीटर चालत दिल्लीस गेले. त्याच सुमारास विदर्भात कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्या शिगेला पोहोचल्या होत्या. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा नोंदविले की मुंबईतील एका फॅशन सप्ताहासाठी ५१२ पत्रकारांची नोंदणी झाली होती, तर विदर्भातील आत्महत्यांचे वार्तांकन करणारे राष्ट्रीय माध्यमांतील पत्रकार जेमतेम सहा होते. त्या फॅशन सप्ताहात सुती वस्त्रांचे प्रदर्शन चालू होते. कापूस एकच होता, त्याची दोन टोके पत्रकारांनी अगदी विषम प्रमाणात पाहिली.

जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा एक मुलगा कूपनलिकेच्या खड्ड्यात पडला. सुमारे पन्नास तास हिंदी वाहिन्यांनी त्याचे थेट प्रक्षेपण केले आणि तो सुखरूप बाहेर आला. देशाने सुटकेचा निःश्वास टाकला, हे चांगलेच झाले. पण उघड्या कूपनलिका बंद करण्याचा कंटाळवाणा विषय कॅमेऱ्याबरोबरच निघून गेला आणि पुढील वर्षांत अशा दुर्घटना पुन्हा घडत राहिल्या.

८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. या प्रकरणी नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली आणि त्यांची नावे व चेहरे सर्वत्र प्रसिद्ध झाले. जवळजवळ दहा वर्षांनंतर, २५ एप्रिल २०१६ रोजी, विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोपर्यंत त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला होता. अटक ही घटना असते व दोषमुक्ती ही दीर्घ प्रक्रियेची अखेर असते. पहिल्या वृत्ताला जेवढी जागा मिळते तेवढी दुसऱ्याला मिळत नाही, हे आपल्या समाजाने अनुभवाने जाणले आहे. येथे पत्रकारांचा वैयक्तिक पूर्वग्रह असू शकतो, परंतु सर्व दोष त्याला देऊन चालणार नाही. संशय लगेच खपतो, निर्दोषत्वाला ग्राहक कमी असतात. हा बाजाराचा नियम पूर्वग्रहाला खतपाणी घालतो.

भोपाळचे पत्र, जयपूरचे घर

वृत्तपत्रांनीही या काळात आपला व्यवहार बदलला. त्याचे एक महत्त्वाचे उदाहरण भोपाळचेच आहे. १९५८ मध्ये भोपाळमध्ये सुरू झालेल्या 'दैनिक भास्कर'ने १९९६ मध्ये जयपूरमध्ये प्रवेश केला. त्यापूर्वी सुमारे दोन लाख घरांत जाऊन वाचकाला पत्रात काय हवे आहे, याचे सर्वेक्षण करण्यात आले. परिणामी पहिल्याच दिवशी १ लाख ७२ हजारांहून अधिक प्रती खपल्या. याच समूहाचे 'दिव्य मराठी' २०११ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथून सुरू झाले आणि ही पद्धत मराठी वाचकाच्या दारीही आली.

या पद्धतीचे लाभ नाकारता येत नाहीत. ज्यांच्या घरी कधी वृत्तपत्र येत नव्हते अशा लाखो कुटुंबांना ते मिळाले, जिल्ह्याजिल्ह्यांच्या आवृत्त्या निघाल्या. परंतु वाचकाला काय हवे, असे विचारले तर तो आपल्या ओळखीच्या गोष्टीच सांगणार. १९८२ मध्ये भोपाळच्या घराघरांत जाऊन सर्वेक्षण केले असते तर मिथाइल आयसोसायनेटविषयी वाचावयाचे आहे असे कोणी सांगितले असते, असे वाटत नाही. वाचकाला जे हवे ते देणे आणि वाचकाला जे कळावयास हवे ते देणे, यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

वाहिन्यांच्या बाबतीत हेच काम टीआरपीने केले. निवडक घरांतील यंत्रांच्या नोंदींवर कोट्यवधींच्या जाहिराती ठरू लागल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या नोंदींत फेरफार झाल्याचा आरोप केला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबविण्यात आले आणि मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

मोबाईलच्या युगात

२०१६ नंतर देशात मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि लक्षाचे मोजमाप घराऐवजी प्रत्येक माणसाचे, प्रत्येक क्षणाचे होऊ लागले. वापरणारा कोठे थांबला, काय पुन्हा पाहिले, काय पुढे पाठविले याची नोंद ठेवून त्याला पुढचा मजकूर दाखविला जातो. राग व भीती उत्पन्न करणारा मजकूर माणूस अधिक वेगाने पुढे पाठवितो. त्यामुळे संपादक नसलेल्या या व्यवस्थेत तोच मजकूर वर येतो.

याचा सर्वांत दुःखद प्रत्यय महाराष्ट्राला १ जुलै २०१८ रोजी आला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. अशा घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एका यंत्रातील छोट्या बदलाने अफवेचा वेग कमी करता येत होता, याचा अर्थ पूर्वीचा वेगही कोणीतरी ठरविलेलाच होता.

भोपाळच्या बाबतीत ताजे उदाहरण कारखान्यातील कचऱ्याचे आहे. ३ डिसेंबर २०२४ रोजी, चाळिसाव्या वर्धापनदिनी, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो चार आठवड्यांत हलविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून पिथमपूरकडे निघाला. वाहनांच्या त्या रांगेचे चित्रण देशभर पाहिले गेले. पिथमपुरात उग्र आंदोलन झाले, नंतर चाचण्या होऊन जून २०२५ अखेर कचरा जाळण्यात आला. चाळीस वर्षे एका जागी पडून असताना ज्याला वृत्तमूल्य नव्हते, तो कचरा चालू लागताच वृत्त बनला. जमिनीत व भूजलात मुरलेले विष मात्र त्या कंटेनरांत मावणारे नव्हते, आणि त्याचे चित्रण करणेही सोपे नाही.

शिक्षकांपुढील कार्य

या परिस्थितीत महाविद्यालयीन शिक्षकांनी काय करावे? माध्यमांची निंदा करणारे व्याख्यान दिल्याने विद्यार्थी मोबाईल बाजूला ठेवणार नाहीत. त्याऐवजी वाचनाच्या काही सवयी लावता येतील. पहिली सवय पाठपुराव्याची. विद्यार्थ्याने एक स्थानिक वृत्त निवडावे व तीन महिने त्याचा माग घ्यावा. आरोपानंतर काय झाले, घोषणेनंतर काम झाले का, हे त्याने वहीत नोंदवावे. दुसरी सवय तुलनेची. आपल्या विद्यार्थ्यांना उर्दू, मराठी व हिंदी अशा भाषा अवगत असतात. एकाच दिवसाची दोन भाषांतील पत्रे शेजारी ठेवून कोणत्या वृत्ताला कोठे किती जागा मिळाली, हे त्यांनी मोजावे. ही सोय एकभाषिक विद्यार्थ्याला नसते.

तिसरी सवय जुनी पत्रे वाचण्याची. भोपाळमध्ये माधवराव सप्रे यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय व संशोधन संस्था आहे. विजयदत्त श्रीधर यांनी ती जून १९८४ मध्ये स्थापन केली. म्हणजे केसवानींचा इशारा 'जनसत्ते'त आला त्याच महिन्यात या शहरात जुन्या वृत्तपत्रांचे जतन सुरू झाले. हा योगायोग असला तरी बोधप्रद आहे. पत्रांचे जतन होते म्हणूनच कोणी वेळेवर सांगितले होते आणि कोणी ऐकले नाही, हे पुढील पिढीला पुराव्यानिशी दाखविता येते. आपल्या गावातील जुन्या वाचनालयांत पडून असलेल्या फायलींनाही हेच महत्त्व आहे.

समारोप

लक्षाचे अर्थकारण मोबाईलपासून सुरू झाले नाही आणि मोबाईलबरोबर संपणारही नाही. एका सेंटच्या दैनिकापासून टीआरपीपर्यंत त्याचा नियम एकच राहिला. जे एकाएकी घडते त्याला भाव आणि जे हळूहळू घडते त्याला उपेक्षा. नवी यंत्रे हा नियम अधिक वेगाने व अधिक अचूकपणे अमलात आणतात, एवढाच फरक आहे. लक्ष मिळणे वाईट नाही. १९८४ मध्ये जगाचे लक्ष गेले नसते तर भोपाळला जी मदत मिळाली तीही मिळाली नसती. प्रश्न ते केव्हा मिळते आणि किती काळ टिकते याचा आहे.

राजकुमार केसवानी २१ मे २०२१ रोजी निवर्तले. नोव्हेंबर २०२३ मध्ये भोपाळच्या त्या रात्रीवरील 'द रेल्वे मेन' ही मालिका आली, तेव्हा त्यांच्यावर बेतलेली पत्रकाराची व्यक्तिरेखा असंख्य प्रेक्षकांनी पाहिली. 'रपट'चे ते अंक १९८२ मध्ये जितक्या लोकांनी वाचले असतील त्याच्या अनेक पटींनी ही संख्या मोठी आहे. आजही एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या, धरणाच्या किंवा नाल्याच्या काठी असलेल्या गावातील लहानशा पत्रात कोणीतरी असाच इशारा लिहीत असेल. तो वाचणारे, त्याचा पुढचा अंक मागणारे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणारे थोडे वाचक जरी आपल्या वर्गांतून तयार झाले, तरी भोपाळपासून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.